बसमधला दिवा

“मग सगळ्यात आधी काय बंद करतोस?” बिडकर सरांनी विचारलं.

हणमंता खुलला. या प्रश्नासाठीच तर तो पुण्याहून कराडला आला होता.

आयटीआयला आम्ही दोघं सरांच्याच हाताखाली गाडीचं वायरिंग शिकलो. मी गावातच दुकान टाकलं. हा बस बनवणाऱ्या कंपनीत मोठा साहेब झाला. आता विजेवरच्या बसची बॅटरी उतरायला लागली की आत काय आधी बंद पडायचं आणि काय शेवटी, हे ठरवणं त्याच्याकडे होतं. त्यानं ठरवलेला क्रम उद्या कायम व्हायचा होता, मग तो शेकडो गाड्यांत बसणार. तेवढ्यासाठी त्याला सरांची शाबासकी हवी होती.

“आधी एसी. मग मोबाइलचं चार्जिंग, मग आतले दिवे. ब्रेक, स्टिअरिंग, हेडलाइट शेवटपर्यंत.”

सर गालात हसले आणि जुन्या एसट्यांच्या आठवणींत शिरले. घाटात गाडी हळू झाली की आतले दिवे पिवळे पडायचे. ड्रायव्हरनं पाय दाबला की पुन्हा उजळायचे, आणि बायाबापड्या हुश्श करून पुन्हा गप्पांना लागायच्या. ऐकता ऐकता माझे डोळे भरून आले. ते दिवस काही आता परत यायचे नाहीत.

“आतला एक दिवा किती वीज खातो रे?”

“अगदी किरकोळ. पण सर, तो नसला म्हणून गाडी अडत नाही.”

“नाही अडत...”

सर उठले. बाहेर अंधारून आलंच होतं. त्यांनी दार लावलं, खिडक्या ओढून घेतल्या आणि बटण दाबलं. खोलीत मिट्ट काळोख झाला. खुर्ची वाजली, तेव्हा कळलं की ते परत येऊन बसले.

हणमंता हसला.

कुणीच बोलेना. म्हातारपणी हा कसला पोरखेळ, असं माझ्या मनात आलं. पण खरं सांगतो, मी शेजारी हणमंता आहे का ते हातानं चाचपून पाहिलं.

“सर...?”

उत्तर नाही.

“सर, आहात ना?”

“बसल्यापासून मी जागचा हललोसुद्धा नाही, हणम्या. मग विचारलंस का?”