वाडीचा आवाज

“आवाज कसा लागतोय, बुवा? मागच्या रांगेपर्यंत जाईल ना?”

“खालच्या गावापर्यंत जाईल,” भैरूबुवा म्हणाले. “बोलणार काय आहेस?”

विश्वा खूश झाला. कुणीतरी हा प्रश्न विचारावा म्हणून तो सकाळपासून मठाच्या ओसरीवर येरझारा घालत होता. तालुक्याला युवक नेतृत्वाचं शिबिर करून तो नुकताच परतला होता, अंगात नवंकोरं जाकीट होतं आणि दुपारच्या ग्रामसभेत आयुष्यातलं पहिलं भाषण ठोकायचं होतं; पुढे पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचा बेत होता. आईबाप लहानपणीच गेलेले. टेकडीवरच्या या मठात बुवांनीच त्याला वाढवलं, त्यामुळे आशीर्वाद घ्यायलाही दुसरं कोण होतं त्याला?

“एसटीचा थांबा!” विश्वानं हात उंचावला. “फाट्यावरून उचलायचा आणि थेट वाडीत आणायचा. वाडीतल्या आयाबहिणींची पायपीट बंद. आजपासून वाडीचा आवाज मी!”

“आयाबहिणींनी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पाहिजे? त्यांच्या मनातलं मला कळतं.”



तेवढ्यात गोदामावशी चहा घेऊन आल्या. मठातला स्वयंपाक त्यांच्याकडे, पण घर वाडीतच. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“आरं पण विश्वा, फाट्यापतोर जाताना आमी बायका—”

“मावशी, तुमच्याच भल्याचं चाललंय. तुम्ही अगदी निर्धास्त राहा.”

मावशी निर्धास्त राहिल्या. दुसरं करणार काय? त्यांनी एक कप बुवांपुढे ठेवला आणि दुसरा विश्वापुढे धरला.

“तो चहा घेत नाही,” बुवा म्हणाले.

विश्वाचा हात तसाच हवेत राहिला. “घेतो की, बुवा! सकाळपासून बोलून बोलून घसा कोरडा—”

“न्या तो कप, मावशी. आजपासून विश्वाचा आवाज मी. त्याच्या मनातलं मला कळतं.”

मावशींनी कप नेला. नेताना त्यांना हसू आवरत नव्हतं, हे विश्वाच्या नजरेतून सुटलं नाही. साधुसंतांचं असंच असतं, लहर फिरली की काहीही बोलतात, अशी त्यानं मनाची समजूत घातली. चहाचा वास मात्र बराच वेळ ओसरीवर रेंगाळला.

मग टेकडी चढून आकाराम तात्या आले. नदीपलीकडचा हा भला माणूस. म्हशींचा भलामोठा गोठा, आणि घरात लग्नाची मुलगी. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, विश्वाला नखशिखांत न्याहाळलं आणि रिवाजाप्रमाणे प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारला.

“पोरगं काय करतंय, बुवा?”

विश्वानं जाकीट नीट केलं आणि घसा खाकरला.

“काही करत नाही,” बुवा म्हणाले. “पण मोठ्यानं करतो.”

तात्या जरा विचारात पडले. “आमच्या गोठ्यात मन रमंल का त्येचं?”

“म्हशींवाचून त्याला चैन पडत नाही.”

विश्वानं जन्मात कधी म्हशीला हात लावला नव्हता. एकदा एक म्हैस त्याच्याकडे रोखून बघत होती, तर त्यानं रस्ता बदलला होता.

“बुवा…”

“आमची एकुलती एक लेक,” तात्या दबकत म्हणाले. “जावई आमच्याच घरी ऱ्हायला आला, तर…”

“घरजावई? अहो, हे त्याच्या मनातलंच बोललात!”

आता मात्र विश्वाचं धाबं दणाणलं. त्याचं मन शिबिरातल्या शर्वरीवर जडलं होतं. लग्न करायचं तर तिच्याशीच, असं त्यानं पक्कं ठरवलं होतं. ही गोष्ट त्यानं अजून कुणालाच सांगितली नव्हती. शर्वरीलाही नाही.

तात्यांचा चेहरा उजळला. पिशवीतून सुपारी काढून त्यांनी ती ताटात ठेवली. त्या भागात सुपारी फुटली की सोयरीक पक्की. त्यात ती भैरूबुवांच्या हातून फुटली, तर मोडायची कुणाची छाती नव्हती.

बुवांनी अडकित्ता मागवला.

मावशी तो घेऊन आल्या आणि कामं टाकून तिथेच उभ्या राहिल्या. असला सोहळा कोण चुकवेल?

विश्वा केविलवाण्या नजरेनं बुवांकडे बघत राहिला. बुवा मोठ्या प्रेमानं सुपारी चाचपत होते. त्यांनी ती अडकित्त्यात धरली. विश्वाच्या डोळ्यांपुढे गोठा, शेण आणि ती रोखून बघणारी म्हैस उभी राहिली.

“थांबा!”

झाडावरचे कावळे उडाले. आवाज खरोखरच खालच्या गावापर्यंत गेला असावा.

“लग्न माझं! जन्म मला काढायचाय! आणि मला कुणी विचारलंय का?”



बुवांनी सुपारी अलगद ताटात ठेवली.

“तुझ्याच भल्याचं चाललं होतं,” ते म्हणाले.

 विश्वाचे कान तापले. शिबिरात माईक हातात आला तेव्हासुद्धा तो इतका गडबडला नव्हता. त्याला लाज वाटली, चांगलीच लाज वाटली. कितीतरी वेळ तो जाकिटाच्या बटणाशी चाळा करत उभा राहिला. मग मावशींच्या मागोमाग स्वयंपाकघराकडे गेला आणि उंबऱ्यावर बसला.

“मावशी… मघाशी तुम्ही काय सांगत होता?”

मावशींनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं. “मी? आन् कवा?”

“फाट्याचं. तुम्ही बायका जाता ते.”

“मधीच तोडनार न्हाईस न्हवं?”

“नाही.”

मावशींनी पदराला हात पुसले, पाट ओढला आणि ऐसपैस बसल्या. फाट्यापर्यंतच्या वाटेवर ना सासू असते ना नवरा, दिवसभरात बायकांना एकमेकींशी धड बोलायला तेवढीच जागा मिळते, अशी सुरुवात झाली. मग गोष्ट वाडीच्या नळावर गेली, तिथून दवाखान्यावर. विश्वा ऐकत राहिला. त्यालाच नवल वाटलं, पण ऐकायला त्याला आवडू लागलं होतं.

बाहेर ओसरीवर आकाराम तात्या ताटातल्या सुपारीकडे बघत बसले होते. बोलणं आतपर्यंत ऐकू येत होतं.

“मग आमचं काय, बुवा? सुपारी परत न्यायची व्हय?”

“तुमच्या लेकीला विचारलंत का, तात्या?”

“तिला काय इचारायचं?” तात्या मनापासून हसले. “तिच्या मनातलं मला कळतंय की!”

विश्वानं कान टवकारले. बुवांनी अडकित्ता मिटल्याचा आवाज आला.

मग ते म्हणाले, “तात्या, या खेपेला निवडणुकीला तुम्हीच उभे राहा.”