येसाबाईची भूपाळी

"...मग भूपाळी तिच्याकडून काढून का घेत नाही, बुवा?"

मठातल्या साधक विश्वंभरने मठप्रमुख बुवांना हे तिसऱ्यांदा विचारलं.

टेकडीवरच्या त्या मठाचा एक नियम होता. पहाटे जो चूल पेटवील, त्यानेच भूपाळी म्हणायची. तीस वर्षं चूल येसाबाई पेटवत होती, पण आताशा तिला एक कडवंही पुरं होत नसे. मध्येच खोकल्याची उबळ यायची आणि बिचारी पदर तोंडाशी धरून खाली बसायची.

"तिला श्वासच घेता येत नाही," विश्वंभर म्हणाला. "मी तीनशे आकडे श्वास रोखतो. भूपाळी मला द्या."

"दिली," बुवा म्हणाले. "उद्या चूल तू पेटव. वीस माणसांच्या भाकरी होईपर्यंत उठायचं नाही."

पहाटे विश्वंभर चुलीपुढे ऐटीत बसला. श्वास रोखला. लाकडं ओली होती, ती नुसतीच धुमसत राहिली.

येसाबाईने फुंकणी पुढे केली. "रोखून काय व्हनार, बाबा? जाळ फुकावा लागतोय."

फुंकायचं म्हणजे आधी छातीभर श्वास घ्यायचा. त्याने घेतला...

दुसऱ्या भाकरीला तो अंगणात होता. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. भूपाळीचा एक शब्दही फुटेना.

येसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाईनं मला इचारलं, मावशी, बिडी किती वर्सं वढताय?" ती हसली, आणि हसतानाच खोकली. "म्हनल्या, बिडी नसंल तर ह्यो चुलीचाच धूर, त्यो सुटला न्हाई तर छाती जाईल. भूपाळी गेली तर जाऊ दे रं. पर चूल कोन बघनार?"

विश्वंभरला स्वतःची लाज वाटली. तो बुवांकडे गेला.

"कुदळ कुठं आहे?"

जुनी चूल त्याने स्वतः फोडली. खालच्या गावातून गवंडी आणून बिनधुराची चूल बांधली. धुराडं मात्र त्याने आडवं वळवून भिंतीतून बाहेर काढलं. गवंडी नको नको म्हणत होता. टेकडीवरच्या वाऱ्याने सगळा धूर परत घरात लोटला.

"सरळ वर काढा की, महाराज!" गवंडी वैतागला.

सरळ वर विश्वंभरची खोली होती, आणि बरोबर चुलीच्या डोक्यावर त्याचं आसन. ती जागा त्याने स्वतः निवडली होती. तिथे बसलं की अंगात ऊब चढते, ती साधनेची, असं तो सगळ्यांना सांगत असे.

तो बराच वेळ वर एकटा उभा राहिला. अनवाणी पायांना जमीन कोमट लागत होती... खाली येसाबाई भाकरी थापत होती.

त्याने आसन गुंडाळलं आणि पहार मागितली.

धुराडं खोलीतून, छपरातून, पार वर गेलं. चुलीपुढे बसलेल्या येसाबाईने मान वर करून पाहिलं. "अगं बया! मला वरल्या तुळया दिसत्यात!" ती ओरडली. तीस वर्षांत धुरामुळे तिने त्या कधी पाहिल्याच नव्हत्या.

विश्वंभर रोज लाकडं फोडून उन्हात वाळवू लागला. येसाबाईचा खोकला एका दिवसात गेला नाही. पावसाळा गेला, थंडी आली, तसा तो हळूहळू उतरला. आणि एका पहाटे तिने चूल पेटवली, भूपाळी धरली... पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. शेवटच्या कडव्याला तिने असा खणखणीत सूर लावला की सगळा मठ अंगणात गोळा झाला. म्हाताऱ्या बुवांनी हातातली काठी टाकून टाळ्या पिटल्या. येसाबाई रडत होती, आणि डोळ्यांत धूर नव्हता.

"शेवटचा सूर किती आकडे टिकला रे?" बुवांनी विचारलं.

विश्वंभरने डोळे पुसले. "मोजायचं राहूनच गेलं, बुवा."

"मग आता आसनावर बस."

"पण आसनाच्या जागी तर धुराडं आहे!"

"तेच तर तुझं आसन."