रत्नूकडचा चहा

“आणि उजवी पाकळी पडलीच नाही तर?” आबा गुरवांनी विचारलं.

“पडेल. तुम्ही मनावर घेतलंत तर का नाही पडणार?” दिगंबर म्हणाला. “डावीला पाणी जास्त लावा, उजवीला नावाला. लोकांना काय कळतंय?”

वाघजाईच्या देवळात दोघंच होते. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. गावाला देवीला काही विचारायचं झालं की आबा तिच्या दगडी खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा कौल अख्खं गाव मानायचं, आबांच्या आजोबांपासून.

दिगंबर याच गावचा, शाळेतल्या गुरुजींचा मुलगा. लहानपणी आबांच्या मागेमागे हिंडून त्याने डोंगरातले ओढे-झरे ओळखले, आणि पुढे डोंगरांचाच शास्त्रज्ञ झाला. भाषणं काय, पेपरात फोटो काय! आज पहिल्यांदाच तो आबांकडे काही मागायला आला होता, आणि मागत होता ते हे.

“भेग किती झालीय?” आबांनी विचारलं.

“गेल्या वर्षी बोट जायचं. आज माझा पाय गेला, आबा. बुटासकट. अख्खा डोंगर वरच्या वाडीवर येणार. उद्या, नाहीतर परवा.”

“मग सांग त्यांना.”

“सांगून थकलो. दारोदार माणसं पाठवली. हसतात हो! ‘गेल्या वर्षीसारखाच का?’ म्हणतात.”



गेल्या वर्षी दिगंबरच्या एका शब्दावर सगळी वाडी खाली उतरली होती. गुरुजींचा मुलगा सांगतोय म्हटल्यावर कोणी उलट विचारलंसुद्धा नाही. आठवडाभर बायकापोरांनी शाळेच्या ओल्या फरशीवर काढला. तिथेच रत्नू पवाराची म्हातारी आई गारठून गेली. मला घरी न्या रे, घरी न्या, म्हणत गेली. डोंगर मात्र जागचा हलला नाही.

“धोका होताच,” दिगंबर म्हणाला. “पण धोका म्हणजे काही भविष्य नव्हे. दहापैकी सात वेळा पडतो, तीन वेळा नाही पडत. एवढं साधं लोकांना समजत नाही, त्याला मी काय करू?”

“कौलही खोटा ठरतो,” आबा म्हणाले. “कितीदा ठरलाय.”

“तरी तुमच्यावर विश्वास ठेवतात!”

“दुसऱ्या दिवशी येऊन विचारतात, आबा, असं कसं झालं? मी इथेच असतो.”

“तेच म्हणतोय मी. तुमचं ऐकतील. एक पाकळी, आबा... एकच. तुमची सुमन त्या वाडीत दिलीय. तिची पोरं आहेत वर.”

 ते मात्र आबांच्या वर्मी लागलं.

“आज देवी म्हणाली म्हणून उतरतील,” ते सावकाश म्हणाले. “उद्या दुसरा कोणी देवीकडून वदवून घेईल, चढा वर. मग तू कोणाकडे जाशील?”

“उद्याचं उद्या! आज माणसं मरतायत!”

“आणि शास्त्रज्ञ ना रे तू?”

दिगंबरचं तोंड एवढंसं झालं. मग तो उसळला. “ठीक आहे. नका करू. पण मग मी करू तरी काय, ते सांगा!”

“रत्नूची आई गेली. समाचाराला गेलास?”

“मी... मी तेव्हा दिल्लीला होतो.”

“नंतर?”

दिगंबर बुटावरचा चिखल खरवडू लागला.

“जा,” आबा म्हणाले. “आत्ता जा. त्याच्या आईपायी वाडी अडून बसलीय; रत्नू उतरला तर वाडी उतरेल. त्याच्या ओटीवर जाऊन बस. बोलू नकोस. डोंगराचं तर नाहीच नाही.”

“नुसता बसू? नुसतं बसून काय होणार?”

 आबा समईत तेल घालायला वळले.

दिगंबर वाट चढू लागला. ओढ्याला तांबडं, चिखलाचं पाणी आलं होतं. याचा अर्थ काय, ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? डोंगर आतून सुटायला लागला होता. वाटेत एक पोरगी शेळ्या हाकत वरच निघाली होती, तिला त्याने काहीतरी ओरडून सांगितलं, ती लाजून पळाली.

रत्नू ओटीवर दोर वळत बसला होता. दिगंबरला बघून उठला. खुर्ची पुसून पुढे केली.

“बसा, साहेब.”

शाळेत दोघं एका बाकावर बसायचे.

दिगंबर बसला. समोर भिंतीवर म्हातारीचा फोटो होता, हार घातलेला. तो फोटोकडे बघत राहिला. रत्नू त्याच्याकडे बघत राहिला. रत्नूचा श्वास जोरात चालू लागला. दोर हातातून गळून पडला. काहीतरी त्याच्या अगदी ओठांपर्यंत आलं...

आणि दिगंबरला ती शांतता सोसवेना.

“रत्नू,” तो म्हणाला, “गेल्या वर्षीचा अंदाज तसा चुकलेला नव्हता बरं का.”

झालं! रत्नूने खाली वाकून दोर उचलला.

मग काय, दिगंबरने मोबाइल काढला. भेगेचे फोटो दाखवले, दहापैकी सात म्हणजे काय ते समजावलं. आणि समजावलंही फार सोपं करून, त्यात खोट काढायला जागा नाही. रत्नूने एकेक फोटो नीट पाहिला. “छान आलेत,” म्हणाला. आत चहा सांगितला. समाचाराला आलेल्या माणसाला आपल्याकडे चहा विचारत नाहीत, विचारतात ते परक्या पाहुण्याला, हे शहरात राहून दिगंबर पार विसरला होता. तो प्याला. निघताना रत्नू त्याच्या डोक्यावर छत्री धरून पायरीपर्यंत आला.

“बरं, साहेब. बघतो,” म्हणाला.

दिगंबर देवळात परतला तो धावतच.

“आबा, ऐकलं त्याने! सगळं ऐकून घेतलं! मला वाटलं होतं, अंगावर येईल. पण नाही. एका शब्दाने बोलला नाही तो मला.”

“बसलास का नुसता?”

“बसलो ना. मग थोडं समजावलं. फोटो दाखवले. त्याने चहा दिला.”

“चहा दिला?”

“हो. बिस्किटंसुद्धा.”

वाती वळता वळता आबांनी कापूस खाली ठेवला.

 

मग आबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. खुंटीवरचं घोंगडं काढून डोक्यावर घेतलं आणि देवळाचं दार ओढून घेतलं.

“कुठे निघालात?”

“सुमनकडे.”

“आबा, वेड लागलंय का? आत्ताच सांगितलं ना, डोंगर येणार म्हणून! तिला खाली बोलवा!”

“सासू अंथरुणाला खिळलीय तिची. माणसं हलल्याशिवाय म्हातारीला उचलणार कोण? सुमी एकटी यायची नाही.” आबांनी घोंगडं पुढे ओढलं. “जवळ तरी बसेन पोरीच्या.”

दिगंबरने त्यांचा हात घट्ट धरला. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. “पण रत्नू ‘बघतो’ म्हणालाय हो! चांगला बोलला माझ्याशी!”

आबांनी हळूच हात सोडवून घेतला.

“त्याने तुला शिव्या घातल्या असत्या ना, दिगू,” ते म्हणाले, “तर लोक उतरले असते.”