भिक्षुणी काही येईना

"पण नेमकं चुकतंय कुठे, ते तरी सांगा ना गुरुजी."

रेन्जिरोने हे विचारलं, ती त्या सकाळची सातवी खेप होती. तोमेजो गुरुजींनी सातव्यांदा तेच उत्तर दिलं.

"पुन्हा कर."

आता यावर माणसाने करायचं तरी काय? भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं?

जपानी काबुकी नाटकाच्या रंगमंचावर बाईचं सोंगही पुरुषानेच आणायचं असतं. गुरुजींनी ते पन्नास वर्षं आणलं. रेन्जिरो त्यांचा थोरला शिष्य. वीस वर्षं त्याने दासी केल्या, दाया केल्या, सरदाराच्या मागे छत्री धरून उभ्या राहणाऱ्या बायका केल्या. आता कुठे पहिली मोठी भूमिका दिसत होती, आणि तीही हातातोंडाशी येऊन अडली होती.

उद्या सकाळी नाट्यगृहाबाहेर नटांच्या नावांच्या पाट्या चढायच्या होत्या. गुरुजींनी आज मान डोलावली नाही, तर पाटी हायातोची चढणार. हायातो गुरुजींचा धाकटा शिष्य, त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. म्हणजे रेन्जिरोने चौतिसाव्या वर्षी त्या पोराच्या मागे छत्री धरायची.

खेळ तसा साधा. एका चेटकिणीचा भाऊ एका सरदाराने मारलेला. ती भिक्षुणीच्या वेशात त्याच्या दारी येते, रात्रीपुरता आसरा मागते, आणि तो तिला आत घेतो. अर्धा खेळ ती नुसती भिक्षुणी. मग एकदा पाय आपटते आणि करड्या झग्यातून लालभडक चेटकीण बाहेर पडते.

त्यापुढचा भाग रेन्जिरो असा नाचायचा की सामिसेन वाजवणारे आंधळे गेन्पाचीसुद्धा, नुसत्या पावलांच्या आवाजावर, "वा" म्हणायचे. पण गुरुजी तिथवर येऊ देतील तर शपथ. अकरा दिवस नुसतं आसरा मागणं चाललं होतं. दारात ये, वाक, माग. पुन्हा कर.

बरं, कष्टात कसूर म्हणावी तर तीही नाही. डोक्यावरच्या फडक्याआडून तिरपी नजर टाकायची, हात जोडताना करंगळी जराशी वाकडी ठेवायची, असं एकेक त्याने आरशापुढे बसून शोधून काढलं होतं.

"ही चेटकीण आहे हे लोकांना कळायला नको का?" त्याने विचारलं.

"लोकांना ठाऊक आहे. त्यासाठीच तर येतात."

"मग मी दाखवू काय?"

"काही नको दाखवू. आसरा माग."

"मागतोच आहे की..."

"पुन्हा कर."

दुपारी पूर्ण वेशात तालीम ठरली. रंगमंचावर नटाच्या पाठीशी काळ्या कपड्यांत एक मदतनीस बसतो. तो सगळ्यांना दिसतो, पण त्याच्याकडे बघायचं नाही असा रिवाज आहे. वरचा झगा कच्च्या टाक्यांनी धरलेला असतो. पाय आपटला की या काळ्या माणसाने दोरे ओढायचे, झगा गळून पडतो.

त्या दुपारी काळे कपडे घालून बसले स्वतः गुरुजी. रेन्जिरोचा जीव भांड्यात पडला. म्हातारा दोरे ओढायला बसतोय, म्हणजे आता पुढचा भाग बघणार.

तो दारात आला, वाकला, आसरा मागितला. तिरपी नजर, वाकडी करंगळी, सगळं जागच्या जागी. मग पाय आपटला.

काही नाही.

त्याने पुन्हा आपटला. गेन्पाचींचा हात थांबला.

"गुरुजी... दोरे."

"कुणाचे?"

"भिक्षुणीचे."

"अकरा दिवस वाट बघतोय मी तिची," गुरुजी वैतागून म्हणाले. "ती काही येईना. झगा उतरवू कुणाचा?"

झालं. रेन्जिरोच्या डोक्यात तिडीक गेली. वीस वर्षांचं साठलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. तुम्हाला हायातोलाच द्यायचं होतं तर मला का राबवलंत, इथपासून ते तुमचे पाय चेपले ते कशासाठी, इथपर्यंत. गुरुजी दोरे हातात धरून तसेच बसून होते.

बोलून बोलून तो रिता झाला. ओरडल्याची त्याला आता लाजही वाटली. पाट्या रंगवणाऱ्याला हायातोचं नाव कळवतो, असं तो खाली बघत म्हणाला. निघावं म्हणून वळला, पण जागचा हलला नाही.

त्याने गुरुजींकडे पाठ केली होती. आता कुणाकडे बघायचं, हेही त्याला सुचेना. रिकाम्या दाराकडे बघत तो वाकला.

"घटकाभर... बसू का इथे? मग जातो."

पाठीमागे सर्रकन आवाज झाला.

करडा झगा पायांशी पडला होता. रेन्जिरो आपल्याच लाल बाह्यांकडे बघत राहिला. गेन्पाचींनी सामिसेन छातीशी ओढून धरली आणि हळूच विचारलं, "कोण आलंय?"

गुरुजींनी दोरे बोटांना गुंडाळले. गुडघ्यावर हात टेकून कण्हत उठले.

"उद्या या भिक्षुणीलाच पाठव," ते म्हणाले. "तू नाही आलास तरी चालेल."