कोरी जीन्स आणि पांढरा सदरा

कपडे एकमेकांशी भांडत, त्या काळातली गोष्ट. एका कपाटात कोरी, कडक, गडद निळी जीन्स आली. शेजारचा पांढरा सदरा तिला टेकला आणि त्याच्या बाहीवर निळा डाग उमटला.

"हाकला हिला!" सदरा ओरडला. "मालकाच्या कमरेलाही सैल होते. फाडून पायपुसणं करा हिचं!"

"पायपुसणं मी होणार नाही," जीन्स म्हणाली.

कोरं कापड आधी पाण्यातून काढायची मालकाची रीत होती. त्याने कोमट पाण्याची बादली भरली. सदरा खदखदून हसला. "आता पांढरीफटक होऊन ये, बाई!"

जीन्सने बादलीत डोकावलं. "बादलीताई, माझं काही उरेल ना गं?"

"जो रंग तुला धरून नाही, तेवढाच मी घेईन."

"मग घे!" म्हणत जीन्स स्वतःच बुडाली. पाणी निळंशार झालं, ती आक्रसली, पण वर आली नाही.

वाळल्यावर ती मालकाच्या कमरेला नेमकी बसली, आणि होती निळीच. कपाटात ती सदऱ्याला खेटून उभी राहिली.

"सरक तिकडे!"

"नाही सरकत. बाही बघ."

सदऱ्याने घाबरत पाहिलं. जुना डाग तेवढा होता, नवा एकही नव्हता.