खदखदतं पाणी

“उकळलेलं पाणी घाला, एवढंच म्हणालो मी. यात माझं काय चुकलं, तात्या?”

निहार अंतूतात्यांना विचारत होता.

आरोग्य केंद्रात अडतीस वर्षं औषधं देऊन तात्या निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी निहार आला, डिग्री घेऊन. जुन्या कंपाउंडरकडे शिकण्यासारखं काय असणार, असं पहिल्याच दिवशी चारचौघांत बोलला होता. आज त्यानेच तात्यांना बोलावून आणलं. फार उशिरा बोलावलं.

धनगरवाड्यावरच्या बयो झोरेची दोन वर्षांची पोर परवा गेली. छाती भरली होती. निहारने औषधाच्या पावडरची बाटली दिली, खुणेपर्यंत उकळलेलं पाणी घालून हलवा म्हणाला. बयोने शब्द झेलला. चुलीवरचं खदखदतं पाणी तसंच ओतलं, जंतू राहू नयेत म्हणून. मग पाच दिवस, दिवसातून तीनदा, एकही खाडा न करता पाजलं.

“कढत पाण्याने औषध मरतं. गार करून घालायचं, हे कुणालाही कळतं,” निहार म्हणाला.

तात्यांनी तशाच दोन बाटल्या घेतल्या. एकीत गार पाणी घातलं, दुसरीत स्टोव्हवरचं उकळतं. हलवून खिडकीत ठेवल्या. दुपारी दोन्ही निवल्या, तेव्हा निहारच्या नकळत त्यांची जागा बदलून विचारलं, “मेलेलं कोणतं?”

निहारने उजेडात धरून पाहिलं. वास घेतला. बोटावर घेऊन चाखलं…

“नाही कळत.”

“नुसतं बघून, चाखून मलाही नाही.”

तेवढ्यात दारात बयो उभी राहिली. पाठीशी तान्हा बांधलेला, खोकत होता. हातात डॉक्टरांची नवी चिठ्ठी आणि ती जुनी बाटली, तळाशी दोन बोटं औषध उरलेली.

“घरात हाये की. ह्येच देऊ ह्याला?”

निहारने बाटली घेऊन बेसिनमध्ये ओतली. बयो बघत राहिली.

“का वतलंत? खराब हुतं?”

खरं सांगावं, तर आपल्याच हाताने पोरीचं औषध मारलं हे तिला जन्मभर सलत राहील. न सांगावं, तर ती पुन्हा खदखदतंच ओतील. निहार तात्यांच्या कानाशी वाकला.

“आज थोडंच सांगतो, तात्या. बाकीचं मागाहून…”

तात्यांनी नवी बाटली त्याच्या हातात दिली.

“थोडं तू मागच्या वेळी सांगितलं होतंस.”