गजाप्पाचा हौद

माणसाची पाऊलवाट अजून डोंगर चढली नव्हती, तेव्हाची गोष्ट. तिथल्या रानात गजाप्पा नावाचा हत्ती सरपंच होता. मनाने लोण्याहून मऊ. डबक्यातलं गढूळ पाणी पिऊन पिल्लं आजारी पडायची, ते पाहून त्याचा जीव तुटायचा. म्हणून त्याने स्वतः दगड वाहून झऱ्याखाली झकास हौद बांधला. नारळ फुटला, माकडांनी शिट्ट्या मारल्या आणि गजाप्पाने सोंड बुडवून पहिला घोट घेतला.

पुढे ऊन तापलं, तरी हौद आपला काठोकाठ भरलेला. "माझ्या रानात कुणी तहानलेलं नाही," म्हणून गजाप्पा खूश!

एके दुपारी त्याची धाकटी नात दिसेना. शोधत शोधत तो डबक्यापाशी आला, तर सगळं रान तिथेच. साळिंदर, मुंगूस, ससे. आणि त्यांच्या मधोमध चिखलात तोंड घालून पाणी पिणारी त्याची नात.

"अगं, एवढा हौद असताना इथे?"

"आजोबा, सोंडेनं प्यायला मला अजून येत नाही. आणि तोंड तिथवर पोचत नाही."

गजाप्पा चपापला. बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "अरे, मग मला कुणी सांगितलं का नाही?"

म्हातारा ससा मायेने हसला. "रोज सांगत होतो, आप्पा. पण तुमच्या कानापर्यंत पोचायलाही उंची लागते."

गजाप्पाने गुडघे टेकले, सुपाएवढा कान जमिनीला लावला आणि म्हणाला, "बोल बाबा. पहिल्यापासून सांग."